कच्चा टाका

शुक्रवार, १२. संध्याकाळ

पोचले. या पायी प्रवासात रोज चालून चालून पायांचे तुकडे पडलेत. लॉजची खोली म्हणजे काडेपेटी – दोन खाटा, एक खिडकी, आणि दुसऱ्या खाटेवर आधीच कुणी बाई डोक्यावरून पांघरूण घेऊन घोरतेय. मी तिचं नाव ‘इंजिन’ ठेवलंय.

उद्या चालायचं नाही. ही आईची अट. “त्या शहरात एक दिवस निवांत थांब. काही तुटलं-फाटलं तर घड्याळाच्या मनोऱ्यामागच्या गल्लीत जा, तिथे शिवणारे बसतात.” घर सोडून कधी कुठे न गेलेल्या बाईला इथल्या गल्ल्या कशा ठाऊक? विचारलं तर म्हणाली, “ऐकलंय कुठेतरी.” निघायच्या आदल्या दिवशी माझ्या पाठपिशवीचा धडधाकट पट्टा उसवून पुन्हा शिवायला बसली. अगं, चांगला आहे तो, म्हटलं. पण ऐकेल तर ती आई कसली!

शनिवार, १३. सकाळ

उशिरा उठले. कुणी हाक मारली नाही. काय सुख! नदीच्या पायऱ्यांवर बसून चहा, मग त्यावर आणखी एक चहा. शेजारी एक आजोबा कबुतरांना दाणे टाकत होते. “तू बसलीस म्हणून येत नाहीत ती,” म्हणाले. मी सरकले. तरीही कबुतरं आली नाहीत. त्याचाही राग माझ्यावरच.

दुपार

पट्टा निसटला. भर बाजारात पिशवी धपकन खाली! आईची शिवण? बाबा म्हणतात, कापड विरेल पण हिची शिवण सुटायची नाही. आईचा हात थकला बहुतेक. वाईट वाटलं.

संध्याकाळ

अक्षर वेडंवाकडं येतंय. येऊ दे.

मनोऱ्यामागच्या गल्लीच्या टोकाला एक बाई बसली होती. पांढरे केस, चष्म्याला दोरी. पिशवी हातात घेतली, शिवण बघितली आणि बघतच राहिली.

“हा कच्चा टाका आहे. कुणी घातला?”

“आईने. वय झालं आता तिचं.”

तिने मशीन बाजूला सारून हाताने शिवायला घेतलं. गाठ मारली, दोरा दाताने तोडला, कात्रीच्या मुठीने शिवणीवर टकटक केलं आणि पुटपुटली, “जा बाई, आता तू आणि तुझं नशीब.”

हे आमच्या घरातलं! शाळेच्या गणवेशापासून उशीच्या अभ्र्यापर्यंत, शिवून झालं की आई असंच टकटक करते, हेच म्हणते. दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी हे जन्मात ऐकलं नव्हतं.

“हे कुठे शिकलात?”

“आमच्या आईकडे. दोघी बहिणी शिकलो.” मग वर न बघताच, “भुंगी बरी आहे ना?”

आईला भुंगी फक्त तिचे वडील, माझे आजोबा म्हणायचे.

आई एकुलती एक – हेच मला आजवर सांगितलंय. आणि ही माझी सख्खी मावशी! थोरली. आजोबांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून त्यांनी घराबाहेर काढली. मरताना त्यांनी आईकडून शब्द घेतला, की हिच्याशी बोलायचं नाही, घरात हिचं नाव काढायचं नाही. मावशीला हे गावाकडच्या कुणीतरी कळवलं होतं. “भुंगी शब्दाची पक्की,” मावशी म्हणाली. रागाने नाही. कौतुकानेच.

मी फोन काढला. आत्ताच लावते म्हटलं. तिने माझा हात धरला. “नको. माझ्यापायी तिचा शब्द मोडायला नको. मी भेटले हेसुद्धा सांगू नकोस. शपथ आहे.”

उसवलेला जुना दोरा तिने फेकला नाही. बोटाला गुंडाळून ठेवला. निघताना म्हणाली, “भुंगीचा हात थकलेला नाही बरं.” तेव्हा मला काही कळलं नाही. डोकं सुन्न झालं होतं. अजूनही आहे.

आईचा भयंकर राग आलाय. मावशी असून मला मावशीविना वाढवलं! आणि उद्या फोनवर मी काय बोलू? सांगितलं तर मावशीची शपथ मोडते. नाही सांगितलं तर या दोघी अशाच मरतील.

इंजिन सुरू झालंय. आज बरं वाटतंय त्या आवाजाने.

रविवार, १४. सकाळ

ठरवलं, नाही सांगायचं. आईला फोन केला. “पट्टा निसटला होता. त्या गल्लीत शिवून घेतला,” एवढंच बोलले. पुढे अवाक्षर नाही.

पलीकडे शिलाई मशीनची खडखड थांबली.

मग आई म्हणाली, “कशी दिसते गं ती आता?”