निजलेल्या पैलवानाचा आकडा

बेळगाव, १८ फेब्रुवारी १९९१

ती. सौ. विमलवहिनींस वासूचा सा. न. वि. वि.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या मेडिकल कॉलेजातल्या अभ्यासासाठी, धावणाऱ्यांच्या आणि पैलवानांच्या हृदयाच्या, दादाचं रक्त घेतलं होतं, त्याचे आकडे मुंबईहून आले. हृदय नुसतं रक्त ढकलत नाही. ताण पडला की ते एक हार्मोन, म्हणजे एक रस, रक्तात सोडतं आणि अंगातलं मीठ-पाणी लघवीवाटे बाहेर काढायला लावतं. आमच्या धावणाऱ्यांत हा रस पळून आल्यावर भरपूर चढला, पैलवानांत वजन उचलल्यावर थोडाच. स्वस्थ पडलेल्या माणसात तो अगदी कमी असायला हवा.

दादाचा मात्र निजल्या निजल्याच धावणाऱ्यांच्या वर निघाला. म्हणजे पठ्ठ्यानं आधी इमारतीमागं जाऊन बैठका मारल्या असणार. पैलवानानं निजून काय दाखवायचं, असं तो सिस्टरला म्हणतच होता. अभ्यास चालवणाऱ्या आमच्या सरांनी त्याचा आकडा यादीतून काढायला लावला. जत्रेतली कुस्ती मारली तर पेढे इकडेही पाठवा.

लोभ आहे, तो वाढू द्यावा.
आपला वासू

रामनगर, २३ फेब्रुवारी

चि. वासूभाऊजींस अनेक आशीर्वाद.

पत्र यांना वाचून दाखवलं. हसले नाहीत. रक्त घेतलं त्या दिवशी आमोशा होती. आमोशाला आखाड्याची माती शिवायची न्हाई, बैठक तर न्हाईच, हा वस्तादांचा नेम. मी तांदळाचं पोतं सरकवायला सांगितलं तरी हे आमोशाचं नाव सांगून अंग काढून घेतात. बसमध्ये झोपूनच आले, तुमच्याकडच्या बाकड्यावरही झोपले. मी शेजारीच होते.

आणखी एक. तुम्हाला कळवू नको म्हणाले होते. दिवाळीपासून चढावर दम लागतो. रात्री उताणं निजवत नाही, भिंतीला टेकून बसतात. मेहनत वाढवली म्हणून होतंय, असं म्हणतात. जत्रेत हलशीच्या मल्लाशी जोड ठरली आहे. मला भीती वाटते.

माया पातळ होऊ देऊ नका.
विमल

बेळगाव, २६ फेब्रुवारी

ती. वहिनींस सा. न.

दादाला आखाड्यात उतरू देऊ नका. बैठका मारल्या नसतील तर तो निजलेला असतानाही त्याचं हृदय दमतं आहे. सरांशी बोललो. मिळेल त्या बसनं घेऊन या. ऐकला नाही तर माझ्या गळ्याची शपथ घाला.

वासू

रामनगर, १२ मे

चि. वासूस अनेक उत्तम आशीर्वाद.

हृदयाची अरुंद झडप डॉक्टरांनी रुंद केल्यापासून झोप लागते. विमल म्हणते, आता घोरणं ऐकून तिची उडते.

जत्रेत हलशीवाल्याला मानाचा नारळ मीच दिला. कुस्ती कायमची बंद झाली. तरी सकाळी आखाड्यात जातो आणि काठावर बसतो. मातीत उतरता येत नाही याचं फार वाईट वाटतं, तुझ्यापाशी लपवत नाही.

तुझ्यावर राग नाही. पण एक काम कर. काढलेला माझा आकडा परत लिही. पैलवानांत बसत नसेल तर आजाऱ्यांत लिही. आमोशाला मी बैठका मारल्या, असं मात्र कुठं राहू देऊ नको.

सवडीनं ये. लोभ आहे तसा ठेव.
तुझा दादा, परशुराम