रिकाम्या झोक्याचा गेम

आखाजी (अक्षय्य तृतीया), संध्याकाळ. देवपूर.

मोबाइलवर दहा मिनिटांचा गेम. अंगणात रिकामा झोका आणि एकच बटण. दाबत राहिलं तर झोका हलतो; सोडलं की थांबतो, गेम संपतो. यात काय मजा? तरी दाबत बसलो.

घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने आज सकाळी घागरी पुजल्या, त्यांत यंदा ताईचीही होती. तेव्हाही काही वाटलं नाही. का? दर आखाजीला माहेरी आली की ती आधी झोक्यावर बसायची. यंदा आबांनी माळ्यावरून दोर काढलाच नाही.

आई मागे येऊन उभी राहिली. "बठेल तं कोनीच नई शे," स्क्रीनवरच्या रिकाम्या झोक्याकडे बघत म्हणाली.

मी बटण सोडलं. झोका मंदावला. तिने माझ्या खांद्यावरून हात पुढे करून बटण दाबलं.

अजून दाबतेच आहे. मी शेजारी बसून हे लिहितोय.