उजव्या टाकीतले पेट्रोल

मी, चारुदत्त माधव पोंक्षे, वय वर्षे त्रेसष्ट, जबल अली येथील व्हॉल्व आणि पाइप-फिटिंगच्या गोदामाचा निवृत्त स्टोअरकीपर, सध्या राहणार अल नहदा, शारजा, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे, रक्तदाब गोळीने ताब्यात आहे आणि हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. सौ. अनुराधा हिचे दडपण गेली पस्तीस वर्षे आहेच, पण ते या कामी मोजू नये. येत्या जूनमध्ये आम्ही दोघे कायमचे नाशिकला जात आहोत. गोदाम सोडताना मी शेवटच्या वॉशरपर्यंत यादी करून दिली होती, तेव्हा देश सोडतानाही यादी हवीच.

कलम १. नाशिकचा फ्लॅट आणि बँकेतली सर्व शिल्लक अनुराधाची. मुलांनी यावर तोंड उघडू नये. १९९१ साली मायदेशी चाललेल्या एका इंग्रज इंजिनियरकडून मी १९६७ची मिनी घेतली. तेव्हापासून बारा उन्हाळे अनुराधा एसी नसलेल्या त्या गाडीत, मानेवर ओला पंचा टाकून, माझ्याशेजारी बसली आहे. एवढ्यावरच फ्लॅट तिचा होतो.

कलम २. बाल्कनीत जुन्या चादरीत गुंडाळलेली साडेसात गॅलनची टाकी चिरंजीव सुजीतला द्यावी. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो. माझ्या गाडीची मूळ टाकी डिकीत डावीकडे, साडेपाच गॅलनची, म्हणजे पंचवीस लिटरची. इथे पंपावर पेट्रोल गॅलनने मिळते, म्हणून मीही गॅलनच मोजतो. पंपावरचा माणूस सहाच्या आतच नळी थांबली की माझ्याकडे बघून विचारायचा, "खलास?" नंतरच्या मिनींना साडेसातची एकच टाकी येऊ लागली. त्याआधी जास्त पळणाऱ्या मॉडेलांना दोन टाक्या असत, डावीसारखीच उजवीकडे दुसरी. मला दोन हव्या होत्या. सुजीतने तीन वर्षांपूर्वी हौसेने साडेसातची आणून दिली आणि म्हणाला, "बाबा, वन बिग टँक. सिंपल." साडेसात हे दोन टाक्यांच्या अकरापेक्षा कमी, असे म्हणून मी ती बसवली नाही. मुलाचे बरोबर होते. का, ते पुढे येईल.

कलम ३. आमचे शेजारी वसंतराव यांच्याकडे बीटल आहे. तिच्या नाकात चाळीस लिटरची टाकी आहे, हे ते दर गणपतीत आरती संपल्याबरोबर सांगतात. माझे अकरा गॅलन म्हणजे पन्नास लिटर. त्यावर त्यांचे म्हणणे असे, की दोन टाक्यांची बेरीज करणे ही लबाडी आहे. त्यांना माझा कॅल्क्युलेटर द्यावा.

कलम ४. माझी सर्व हत्यारे, पान्यांचा इंची सेट धरून, हमीदला. हमीद रत्नागिरीचा, इंडस्ट्रियल एरियात त्याचे गॅरेज आहे. १९९४ साली उजवी टाकी त्यानेच बसवली. तेव्हा अनुराधाचा पुरणपोळ्यांचा धंदा जोरात होता आणि अर्धी डिकी जाणार होती. ती म्हणाली, "बसवा टाकी, पण डबे तुम्ही मांडीवर घ्यायचे." डबे मुलांच्या मांडीवर गेले. दोन्ही टाक्या खालून एका नळीने जोडलेल्या असतात, त्यामुळे पेट्रोल इकडून तिकडे जाते आणि पातळी सारखी होते. इंजिनला पेट्रोल डावीतूनच जाते; त्या नळीवर मला व्हॉल्व हवा होता, म्हणजे उजवी टाकी राखीव ठेवता येईल. हमीद म्हणाला, "पोंक्षेभाई, कंपनीने दिला नाही तो तुम्ही कशाला देता?" त्याने बसवायला नकार दिला. वीस वर्षे व्हॉल्व मोजण्यात गेलेला माणूस मी. गोदामातला नमुन्याचा पितळी व्हॉल्व आणला आणि स्वतः बसवला.

कलम ५. गाडी माझी मुलगी पर्णिका हिला.

नोव्हेंबर १९९६. पर्णिका एकोणीस वर्षांची, लायसन्स नवेकोरे. मैत्रिणींना घेऊन खोर फक्कानला निघाली होती. मी तिला शिकवले होते, की कुठल्याही बाजूने भर, पेट्रोल आपोआप दुसरीकडे जाते. काटा डाव्या टाकीचा आहे, तो सावकाश चढतो, त्याला घाबरू नकोस. डावी टाकी जवळजवळ रिकामी होती. पंप उजव्या हाताला आला, तिने उजवी काठोकाठ भरली. धैदच्या रस्त्यावर वीस मैलांत गाडी बंद पडली.

फोन आल्यावर मी आणि हमीद कॅन घेऊन गेलो. कॅन डावीत ओतला, गाडी लगेच सुरू झाली. तिच्या मैत्रिणींसमोर मी विचारले, "पेट्रोल न भरता निघालीस?" ती म्हणाली, "बाबा, आय फिल्ड इट." मी तिला खोटारडी म्हणालो आणि किल्ली काढून घेतली. हमीद मध्ये बोलायला गेला, त्यालाही गप्प केले.

दुसऱ्या दिवशी डिकी उघडली. उजवी टाकी काठोकाठ भरलेली होती. व्हॉल्व बंद होता. आदल्या आठवड्यात मीच तो बंद करून विसरलो होतो. मी तो उघडला, हात पुसले आणि वर जाऊन चहा प्यायलो. कोणाला काही सांगितले नाही. त्यानंतर पर्णिका त्या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूने कधी बसली नाही. आता दुबईत तिची स्वतःची मोठी गाडी आहे. माझी मुलगी खरे बोलली होती आणि मी भित्रा निघालो, हे माझ्या मागे तिला हे कलम वाचून समजावे, अशी माझी इच्छा आहे.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी. साक्षीला बोलावलेल्या हमीदने सही करण्याआधी सगळे वाचले. वाचायचे नसते, असे सांगूनही वाचले. पेन खाली ठेवून म्हणाला, "ही गोष्ट तुम्ही मेल्यावर सांगणार? आणि तिने काही विचारले तर उत्तर कोण देणार, मी?" अनुराधाने आतून फोन आणून माझ्या हातात दिला.

पर्णिका तासाभरात आली. कलम पाच मीच मोठ्याने वाचून दाखवले, कारण वाचून दाखवणे हे नुसते सांगण्यापेक्षा सोपे होते. तिने कागद माझ्या हातातून घेऊन ते कलम पुन्हा वाचले. मग म्हणाली, "बाबा, सहा वर्षं मी पंपावरची प्रत्येक रिसीट जपून ठेवते. मला वाटायला लागलं होतं, की त्या दिवशी मी खरंच भरलं नव्हतं." मी तिची माफी मागितली, हमीद आणि अनुराधासमोर, उभा राहून. त्यानंतर ती हसली, आणि सहा वर्षांत मला इतका आनंद झाला नव्हता. हमीदने खाली जाऊन अर्ध्या तासात व्हॉल्व काढला. किल्ली घेऊन पर्णिका अनुराधाला शेजारी बसवून पंपावर जाऊन आली.

गाडी आजच पर्णिकाला आणि हत्यारे हमीदला दिली, सबब कलमे ४ आणि ५ रद्द. दोघांना या मृत्युपत्राने आता काहीच मिळत नाही. वकिलांच्या मते ज्याला काही मिळायचे असते त्याने साक्षीदार होऊ नये, तेव्हा त्यांच्या साक्षीला हरकत उरलेली नाही.

ठिकाण: अल नहदा, शारजा. शुक्रवार, ७ मार्च २००३.

सही: चारुदत्त माधव पोंक्षे

साक्षीदार १: हमीद, गॅरेजवाला. सगळे वाचून सही केली.

साक्षीदार २: पर्णिका चारुदत्त पोंक्षे. दोन्ही टाक्या मी स्वतः भरल्या आहेत.