सहनकीच्या दाराबाहेर

उस्तानीबी,

तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे मराठीत लिहायला धीर होतो आहे. उर्दू मला वाचता येतं, पण लिहायला बसलं की अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडतात. लिहायला तुम्हालाही कुणी शिकवलं नव्हतं. आपल्यात मुलींना वाचायला शिकवायचे आणि तिथंच थांबायचे. वाचेल तर कुराण वाचेल, लिहील तर चिठ्ठ्या लिहील, असा सगळ्या बापांचा सरळ हिशेब होता. माझ्या अब्बांची ती भीती आज खरी ठरली म्हणायची. त्यांची लेक चिठ्ठी लिहिते आहे, आणि तीही अशा बाईला, जिच्या कबरीवरचं गवतसुद्धा कितीदा वाळून पुन्हा उगवलं असेल.

तुमची ती चूल मला आजही दिसते. आम्ही मुली भिंतीला पाठ लावून चटईवर बसलो आहोत, पुढ्यात किताब ठेवायची लाकडी रेहेल, त्यावर कुराणाचा एक भाग, सिपारा, आणि तुम्ही आमच्याकडे पाठ करून ज्वारीची भाकरी थापता आहात. कुणाचं चुकलं की तुम्ही मागं वळत नाही, नुसता चिमटा चुलीच्या कडेवर आपटता. तो असा आपटता की चुलीमागं निजलेलं मांजर उठून परसात जातं. नंदुरबारात मुलींना कुराण शिकवणाऱ्या आणखीही बायका होत्या, पण त्या वाचून घ्यायच्या आणि सुट्टी द्यायच्या. अर्थ सांगायच्या त्या एकट्या तुम्ही, आणि तोही अहिराणीत. आमच्या घरी पाहुण्यांपुढं उर्दू आणि चुलीपुढं अहिराणी असा कारभार होता, त्यामुळं अल्लाचं बोलणं अहिराणीत ऐकताना मला आधी हसूच यायचं. एकदा मी अख्खा सिपारा एका दमात म्हणून दाखवला आणि शाबासकीसाठी तोंड वर करून बसले. तुम्ही तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणालात, “पोपट बी बोलस. तुले काय समजनं ते सांग.” मला काहीच समजलं नव्हतं. बाकीच्या मुली खिदळल्या आणि मी मान खाली घालून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं.

तुम्ही म्हसावदच्या पिंजाऱ्याची लेक. पहिला नवरा लग्नानंतर वर्षाच्या आत प्लेगात गेला आणि तुमच्या बापानं लोकांचं न ऐकता तुमचा दुसरा निकाह लावून दिला, बांगड्यांची पेटी घेऊन अक्कलकुव्याच्या बाजाराला जाणाऱ्या मणियाराशी. हे सगळं आम्हाला ठाऊक होतं. पण त्याचा सहनकीशी काय संबंध, हे ठाऊक नव्हतं. लग्नघरी निकाहाच्या आधी बीबीची सहनक व्हायची. पैगंबरांच्या लेकीच्या नावानं मातीच्या थाळीत भात, दही, साखर; वर लाल कापड; पुरुषाची सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. आणि जेवायला बसायचं ते फक्त कुमारिकांनी आणि ज्यांचा एकच निकाह झाला अशा बायकांनी. एकदा शेजारी सहनक होती आणि आमच्यातल्या एका भाबड्या मुलीनं तुम्हाला विचारलं, तुम्ही का नाही येत? आम्ही बाकीच्या दचकलो. तुम्ही मात्र हसलात.

“मन्हा दोन निकाह व्हयनात ना,” तुम्ही म्हणालात. मग हात पुसून आमच्याकडे वळलात, जे तुम्ही क्वचित करायच्या. “पन एक गंमत सांगस. जिना नावनी सहनक शे, त्या बीबीनी माय बी मन्हासारखीच व्हती. तिना पहिला मालक मरी गयथा, मंग पैगंबरसाहेबसंगे तिना निकाह व्हयना. आते सांगा, ती माय आज आपला गावमा उनी, ते आपल्या बाया तिले बी दारबाहेर बसाडतीन!” आम्ही लोळून हसलो. आमच्या फुफीच्या, म्हणजे आत्याच्या, दारात खुद्द बीबीची आई उभी आहे आणि फुफी तिला म्हणते आहे की बाई, तुम्ही बाहेर बसा, हे चित्रच तसं होतं. तुम्ही आम्हाला पोटभर हसू दिलंत आणि मग चिमटा आपटलात. “नुसत्या हासू नका. याद ठेवा.”

मी याद ठेवलं. तीच तर अडचण आहे. विसरले असते तर आज ही शरम वाटायचं कारण नव्हतं.

त्याच साली मुलींची मराठी शाळा सुरू झाली आणि तुम्ही आमच्या घरी आलात. अब्बा सरकी काढायच्या जिनात कापूस तोलायचे, संध्याकाळी अंगावर रुई घेऊन परत यायचे. तुम्ही पडद्याआडून त्यांच्याशी बोललात. मी आत कान लावून बसले होते. “पोरले लिखता उनं पाहिजे,” तुम्ही म्हणालात. “माले नही येस, म्हनीसन माले माहित शे.” अब्बा हसले, म्हणाले, चिठ्ठ्या लिहील. तर तुम्ही म्हणालात, “लिखू द्या. खोटं नही लिखाव म्हनजे व्हयनं.” पुढच्या बाजाराहून तुमच्या नवऱ्यानं बांगड्यांच्या पेटीत गवत घालून एक पाटी आणली, लाकडी चौकटीची. तिची एक कड वाटेत खड्ड्यात गाडी आदळून टवकली होती आणि तुम्हाला त्याचं फार वाईट वाटलं होतं. मला काही वाटलं नाही. मी ती पाटी उशाशी घेऊन निजायची. आज ज्या अक्षरांत हे लिहिते आहे ती तिच्यावरची आहेत.

आता तो दिवस. माझ्या लग्नातली सहनक आमच्याच घरी, आमच्यातच राहणाऱ्या फुफीच्या हुकमतीखाली. तुम्ही सकाळीच आला होतात, हिरव्या बांगड्या घेऊन, आणि तुमच्या हातानं त्या मला चढवल्यात. एकही फुटली नाही. मग आतल्या खोलीत थाळी मांडली, बायका गोल बसल्या. तुम्ही माझी ओढणी नीट करायला उंबऱ्याजवळ आलात, आत येण्यासाठी नव्हे, आणि फुफी म्हणाली, “उस्तानी, तुम्ही बाहेर बठा.” तुम्ही मुकाट मागं वळलात. गोष्ट इथंच मिटली असती. पण एक म्हातारी शेजारीण होती, मनानं चांगली, जिभेनं सैल. ती म्हणाली, “अवं, तिनीच ते नवरीले शिकाडं. नवरीलेच इचारा ना किताबमा काय लिखेल शे.” सगळ्या हसल्या. फुफीही हसत माझ्याकडे वळली. “सांग वं, उस्तानीले बसू देवानं का नही?”

थट्टेत विचारलं होतं, पण विचारलं होतं. असं कुणी कुणाला सहसा विचारत नाही. खोलीतल्या वीस-पंचवीस बायकांत उत्तर माहीत असलेली मी एकटी होते आणि ते मला देणारी उंबऱ्याबाहेर पाठमोरी थांबली होती. एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणाले, “माले काय माहित?” आणि नवरीचा म्हणून पहिला घास माझ्या तोंडात पडला. भात गोड होता. मला तो आवडला, हेही सांगून टाकते.

तुम्ही रागवाल, निदान बोलायचं टाळाल, असं मला वाटलं होतं. निघताना बैलांच्या दमणीत बसले तेव्हा तुम्ही जवळ आलात, चादर माझ्या पायांवर ओढलीत आणि विचारलंत, “जेवनी ना पोटभर?” मी हो म्हणाले. एवढंच आपलं शेवटचं बोलणं. शहाद्याला सासरी गेले, पोरंबाळं झाली, आणि तुम्ही गेल्याचं मला बाळंतिणीच्या खाटेवर कळलं, तेही महिन्यानं. मी रडले. पण खरं सांगू का, कुठंतरी सुटल्यासारखंही वाटलं. आता मला कुणी “तुले काय समजनं ते सांग” असं विचारणार नव्हतं.

दरम्यान मी शहाणी म्हणून नावारूपाला आले. मोहल्ल्यातल्या बायका मला मसले, म्हणजे धर्मातले प्रश्न, विचारायला येतात, कारण मी वाचते, आणि वाचणाऱ्या बाईला सगळं ठाऊक असतं असा त्यांचा समज आहे. विधवेचा निकाह लावणं पुण्याचं आहे, असं मी दहाजणींना दहादा सांगितलं असेल. आमच्या मराठी शाळेत एक म्हण होती, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ती माझ्यासाठीच जपून ठेवली होती म्हणा ना. कारण माझी थोरली लेक विषमज्वरानं नवरा गमावून एकोणिसाव्या वर्षी घरी परत आली. पुढं अक्कलकुव्याच्या एका बिजवर मास्तरांचं मागणं आलं, माणूस सालस, लेकीच्या बापाला पसंत, लेकीच्याही डोळ्यांत नकार नव्हता. आणि मी, मोहल्ल्याची शहाणी, दोन महिने “बघू” म्हणत बसले. लोक काय म्हणतील एवढाच माझा मसला होता. शेवटी लेकच म्हणाली, “अम्मी, तू दुसरासले सांगस ते माले बी सांग ना.” मी स्वयंपाकघरात जाऊन तोंड धुतलं आणि बाहेर येऊन हो म्हटलं. गेल्या महिन्यात निकाह झाला.

आणि परवा फुफीच्या नातीची सहनक होती, नंदुरबारला, त्याच आतल्या खोलीत. मी लेकीला घेऊन गेले. हल्ली साखर कार्डावर, म्हणून थाळीत गूळ किसला होता. फुफी आता खाटेला खिळली आहे, पण खाट त्याच खोलीत टाकून घेतली आहे, राज्य सोडलेलं नाही. उंबऱ्याशी तिच्या सुनेनं माझ्या लेकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि गोडीनं म्हणाली, “तू पोरेसपाशी बठ, बहीन.”  जणू ती जागा तिला आधीपासून ठाऊक होती अशी लेक वळली. आणि मला ती पाठ दिसली, उस्तानीबी. अशीच पाठ मी हिरव्या बांगड्या घालून पाहिली होती.

मी बोलले. आवाज चिरका निघाला, पण बोलले. “जिना नावनी सहनक शे, तिनी माय बी दुसरा निकाहनी व्हती. तिले बी बाहेर बसाडशात का?”  मग फुफी खाटेवरून म्हणाली, “बसू दे वं तिले. मी आते कबरना वाटवर शे, मी कसाले आडी येऊ?” दोघीजणी पोरं रडताहेत म्हणून उठून गेल्या, पोरं काही रडत नव्हती. बाकीच्या सरकल्या. माझी लेक बसली आणि जेवली. ती घास घेत होती आणि मी बघत होते, आणि मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याच्या पाठोपाठ मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढं सोपं होतं. एका वाक्याचं काम होतं. तुमच्यासाठी ते माझ्या तोंडातून निघालं नाही, स्वतःच्या पोटच्या पोरीवर आलं तेव्हा निघालं. आपल्या पोरीसाठी तर मांजरही फिसकारतं, त्यात माझी कसली मोठाई?

इथंच थांबले असते तर निदान थोडी मान वर करता आली असती. पण हात धुताना एका बाईनं मला विचारलं, “हाई तुले कोन सांगं वं?” माझ्या ओठांवर तुम्ही आला होतात. खरंच आला होतात. मग मनात आलं, उस्तानीनं सांगितलं म्हटलं तर या म्हणतील, ती तर दोन निकाहांची, ती असंच सांगणार. जमलेलं काम बिघडेल. हे कारण खोटं नाही, पण ते मला फार चटकन सुचलं. मी म्हणाले, “किताबमा वाचं मी.” ती बाई दुसरीला म्हणाली, “देख, शिकेल बाईनं बोलनं!” आणि मी तेही ऐकून घेतलं. तुम्ही अब्बांना म्हणाला होतात की मुलीनं खोटं लिहू नये म्हणजे झालं. लिहिलेलं नाही. बोलण्याबद्दल तुम्ही काही म्हटलं नव्हतं, असं मी घरी येईपर्यंत दमणीत मनाशी घोळवत होते, इतकी मी निर्लज्ज.

लेक पुढच्या जुम्याला सासरी जाईल. तिथं मास्तरांच्या घरी शेजारच्या चार-दोन मुलींना घेऊन बसायचं तिच्या मनात आहे, वाचायला आणि लिहायलाही. मी त्या बाईला काय सांगितलं ते तिनं ऐकलं होतं, म्हणून ती माझ्या मागं लागली आहे. “अम्मी, ती किताब माले दे ना. अक्कलकुवाले लई जासू.” कुठली किताब देऊ तिला? माझ्यापाशी तुमची चूल नाही, चिमटा नाही, ती पाटीसुद्धा केव्हाच फुटली. तुमचं नाव सांगितलं की झालं, हे मला कळतं. हा कागद तिच्या हाती दिला तरी झालं. तिला मराठी चांगलं वाचता येतं. मी तो घडी करून माझ्या उशीच्या खोळीत ठेवणार आहे.

आज सकाळी तिनं पुन्हा विचारलं. मी ट्रंक उघडून बसले होते. म्हटलं, “शोधी ऱ्हायनी, सापडी जाई.”