सिस्टर क्लाराच्या भावाची सात दारं

१० फेब्रुवारी २०११, गुरुवार

मंदारची मेल. एकच ओळ — 'आई, उद्यापासून चार-पाच दिवस मेल नाही, धोक्याचा पट्टा आहे, काळजी करू नकोस.' काळजी करू नकोस! टँकरवर सेकंड इंजिनियर झाला, पण आईला काय लिहू नये ते अजून कळत नाही.

सूनबाईंना दाखवली. अनघा म्हणाली, "आई, दर खेपेला असंच असतं. समुद्री चाचे फिरतात तिथं, म्हणून जहाजं गप्प राहतात." आणि डबा घेऊन ऑफिसला गेली. मी मात्र तेव्हापासून परक्या देशातल्या, सेम्बावांगच्या या फ्लॅटमध्ये खोल्या मोजत फिरते आहे. तीनच आहेत.

११ फेब्रुवारी

आज मुद्दाम तो सिनेमा लावला. गेल्या महिन्यात ब्रास बासाच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात ही डीव्हीडी सापडली तेव्हा किंमतही न विचारता घेतली होती. पंचेचाळीस वर्षांनी! इटालियन, समुद्री चाच्यांचा. कॉन्व्हेंट शाळेच्या हॉलमध्ये आमच्या इटालियन सिस्टर क्लारानं दाखवला होता, खिडक्यांना काळे पडदे लावून. चुंबन आलं की प्रोजेक्टरसमोर हात धरायची. आम्हाला तिची पाचही बोटं पडद्यावर दिसायची आणि आम्ही खिदळायचो.

इरा शेजारी पाय पसरून बसली. सहा वर्षांची, पण मत ठाम, तेही इथल्या पोरांच्या इंग्रजीत. "आजी, दिस पायरेट सो फनी लाह! ही कॅनॉट फाइट!" मी हसले. मग पडद्यावर चाच्यांनी दोर टाकले आणि जहाजावर चढायला लागले, तेव्हा माझं हसू गेलं. बंद केला. इरा रुसली.

१२ फेब्रुवारी, शनिवार

सिनेमा नको. त्या डिस्कवर शेवटी एका म्हाताऱ्याची मुलाखत आहे, सिनेमा कसा काढला ते सांगणारी. ती दोनदा पाहिली. बरं वाटतं. समुद्र नव्हताच — एक तळं होतं! जहाजही एकच. डावी बाजू काळी रंगवलेली, ते चाच्यांचं. उजवी पांढरी-सोनेरी, ते गव्हर्नरचं. आधी एका बाजूनं तोफा डागायच्या, मग जहाज वळवून दुसऱ्या बाजूनं. मेलेले खलाशी गावातले शेतकरी, दुपारी रक्त पुसून जेवायला बसलेले. पावाचे मोठे तुकडे तोडून खातायत, हसतायत. कुणालाच काही झालेलं नाही.

आणि दारं! सिस्टरचा भाऊ त्या सिनेमात सुतार होता. ती सांगायची, माझ्या भावानं एका प्रसंगासाठी सात दारं केली. आम्हाला वाटायचं, फेकते. पण म्हातारा तेच सांगतो! गव्हर्नरची बायको केबिनमध्ये लपते, बाहेरून चाचे कुऱ्हाड घालतात. पहिलं दार एका घावात फुटलं. दिग्दर्शक म्हणाला, इतक्या लवकर नको. दुसरं जाड केलं, तेही फुटलं. असं करत करत सातवं इतकं भक्कम झालं की फुटेचना. शेवटी आतून तिघांनी ढकलून पाडलं.

सिस्टर, तुमच्यावर विश्वास ठेवला नाही. माफ करा.

१३ फेब्रुवारी

मेल येणार नाही हे माहीत आहे. दहा वेळा उघडली.

१४ फेब्रुवारी, सोमवार

लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

सकाळी अकराला अनघा ऑफिसमधून परत आली. बरोबर रविंद्र — मंदारच्या कंपनीतला, हार्बरफ्रंटच्या ऑफिसात बसतो, पुण्याचाच. चप्पल काढून दारातच उभा राहिला. मी म्हटलं, "आत ये, सांग."

पहाटे चाचे जहाजावर चढले.

माणसं त्यांच्या हाती लागलेली नाहीत. ठरलेलं असतं म्हणे — इंजिन बंद करायचं आणि सगळ्यांनी खाली सुकाणूच्या खोलीत शिरून आतून पोलादी दार लावून घ्यायचं. तेवीसही जण आत गेल्याचा निरोप आला. पुढं काही नाही. नौदलाचं एक जहाज निघालं आहे, दोन दिवस लागतील.

"काकू, दार मजबूत आहे," रविंद्र म्हणाला.

"ते फोडायचा प्रयत्न करतील?"

तो अनघाकडे बघायला लागला.

मग दुसरं सांगितलं. केबिनमध्ये पोरांचे मोबाईल राहिलेत. नंबर मिळाले की चाचे घरी फोन करतात. कुणी हाती लागलाच तर त्यालाच बोलायला लावतात. "तुम्ही रडलात, विचारलंत, की त्यांना कळतं कुठं दाबायचं. मग ते त्याला त्रास देतात, तुम्हाला ऐकवायला. एकच वाक्य बोलायचं — प्लीज स्पीक टु द कंपनी. आणि ठेवून द्यायचा. मंदार स्वतः असला तरी."

"स्वतः असला तरी?"

"तेव्हा तर नक्कीच, काकू."

१५ फेब्रुवारी

अनघानं माझी तालीम घेतली. ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून मोबाईलवरून घरचा फोन लावते, मी हॉलमध्ये उचलते. पहिल्यांदा मी "कोण?" विचारलं. "आई, कोण विचारायचं नाही!" दुसऱ्यांदा ती म्हणाली, "आई, मी मंदार," आणि तिचाच आवाज फाटला. मी आत गेले. गॅसजवळ आम्ही दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिलो. मग ती डोळे पुसत म्हणाली, "पुन्हा. तुमचं इंग्लिश माझ्यापेक्षा कडक आहे. सिस्टरसारखं बोला." पाचव्या वेळेला जमलं. भाजीवालीला पिटाळावं तसा आवाज लागला.

इराला सांगितलं, आपण नाटक करतोय.

एक हिशोब डोक्यात बसलाय. फोन वाजत नाही तोवर तो दारामागे आहे. त्याचा आवाज आला, तर दार फुटलं. देवासमोर बसले आणि काय मागितलं? माझ्या मुलाचा आवाज ऐकू येऊ देऊ नकोस. छप्पन्न वर्षांत असं मागणं मागितलं नव्हतं.

सारखी ती सात दारं दिसतात. हे कितवं असेल?

१६ फेब्रुवारी, दुपार

वाजला.

अनघा कंपनीत गेली आहे, सगळ्या खलाशांच्या घरच्यांना बोलावलं होतं. इरा गालिच्यावर चित्र रंगवत होती. लांबलचक नंबर, कधी न पाहिलेला. खरखर. वारा. मागे कुणीतरी परक्या भाषेत ओरडत होतं. आणि मग —

"आई! आई, मी मंदार. ऐक ना —"

मी ते वाक्य म्हटलं. स्वच्छ, कडक. एकही शब्द अडखळला नाही. तो म्हणाला, "अगं आई —" आणि मी ठेवला.

ठेवला. मी. याच हातानं.

"हू कॉल, आजी?" इरा.

"राँग नंबर."

"बट यू क्रायिंग, वॉट."

दार फुटलं आहे. तो त्यांच्या ताब्यात आहे. त्यांनी त्याला आईला फोन करायला लावला आणि आईनं तोंडावर आपटला. आता ते त्याला काय करत असतील? बरोबर केलं ना मी? रविंद्रनं सांगितलं तेच केलं. अनघाला तीनदा लावला, फोन बंद. फोन पुन्हा आला तर तेच म्हणायचं. माझ्यानं होणार नाही. होणार नाही. पण म्हणायचं.

त्याचा आवाज बसला होता. पाणी मिळालं नसेल.

१६ फेब्रुवारी, सव्वापाच

अनघाचा फोन. हसते आहे की रडते आहे, आधी समजेचना. नौदलाचं जहाज दुपारीच पोचलं, चाचे पळाले, तेवीसही जण सुखरूप आहेत. मंदारनं नौदलाच्या जहाजावरून पहिला फोन घरी केला होता! आता सगळ्यांना सांगत सुटलाय म्हणे, "माझ्या आईनं मला कंपनीशी बोलायला सांगितलं." आणि कंपनीला त्याचा निरोप — पाच मिनिटांत परत फोन करतो, तिला सांगा, या वेळी ओळख दाखव.

वाजतो आहे.