शंभर टक्के निकालाचं ॲप

चिंचवड, रविवार

आदरणीय जयसिंगमामांस,

बुद्धरत्नचा सविनय जयभीम. गुडघा आता बरा असेल अशी आशा आहे. चऱ्होलीच्या नव्या सोसायटीतली लिफ्ट नीट वाजत नाही म्हणून तुम्ही लिफ्टवाल्याला दोनदा परत बोलावलंत, असं मामींकडून कळलं. म्हणजे कान शाबूत आहेत. (गुडघ्याचं त्या काही बोलल्या नाहीत.) तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र मामींच्याच हाती देत आहे.

चाकणची कायम नोकरी सोडून मी शैक्षणिक तंत्रज्ञानात पीएच.डी. करायला बसलो, याचा तुम्हाला राग आहे. राग ठेवा, पण येत्या शुक्रवारी आमची कमिटी माझं काम बघणार आहे. ते पटलं नाही तर नोंदणी रद्द, आणि दोन वर्षं पाण्यात. अर्थात तसं काही होणार नाही.

आमच्या विभागात पीएच.डी.ला कोणी आकाशातून पडलेलं नाही. प्रवेशाच्या फॉर्मवर 'पार्श्वभूमी' आणि 'आवड' असे दोन रकाने होते. दिपालीताई परभणीकडच्या शाळेत चौदा वर्षं शिक्षिका. शाळेला टॅब मिळाले आणि वीज मिळाली नाही, तेव्हापासून तिची आवड विजेविना चालणारं शिक्षण. सुजित आयटीतला. ऑनलाइन वर्गात मुलांचं लक्ष कुठे असतं यावर त्याचं संशोधन आहे (आपण बोलत असताना त्याचं मोबाइलमध्ये असतं). माझी पार्श्वभूमी बारा वर्षं मेंटेनन्स, आवड बेरिंग. ज्याचं जिथे दुखलं, त्याने तोच विषय घेतलाय.

तर मी ॲप केलं. आवाजावरून खराब बेरिंग ओळखायला तुम्हाला उभी नोकरी लागली, माझं ॲप ते तीन आठवड्यांत शिकवतं. पन्नास चांगले आवाज, पन्नास खराब, सगळे जुन्या कंपनीत जाऊन मी स्वतः रेकॉर्ड केलेले. आयटीआयच्या बारा ॲप्रेंटिसना हेडफोन लावून बसवलं आणि परीक्षा घेतली. निकाल शंभर टक्के. मी विभागात पेढे वाटले. गाईड मॅडमनी पेढा खाल्ला आणि म्हणाल्या, आता चालू मशीनवर बघू या.

बघितलं. मामा, पोरांनी झाडून सगळी मशीनं चांगली ठरवली. एक तर असं किंचाळत होतं की ऑपरेटर कानात कापूस घालून उभा होता. तेही चांगलं. चहा येईपर्यंत ते जाम झालं आणि लाइन चाळीस मिनिटं बंद. मी नोकरी सोडल्याचा आनंद माझे जुने सुपरवायझर बबनराव यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला.

आठवडाभर मी प्रोग्राममध्ये चूक शोधत होतो. सुजितने नऊ आलेख काढले. शेवटी दिपालीताईने आपली मास्तरकी केली. मैत्री नावाच्या ॲप्रेंटिसला शेजारी बसवून तिने विचारलं, "तू कसं ओळखतेस गं?"

मैत्री म्हणाली, "सोप्पंय की. मागं शांतता असली का बेरिंग खराब."

तुमच्या एव्हाना ध्यानात आलं असेल. खराब मशीन उघडायचं ते गुरुवारी, कंपनीच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. अख्खी कंपनी बंद, मी एकटा ते मशीन चालवून रेकॉर्ड करत होतो. चांगले आवाज मात्र चालू शिफ्टचे, मागे प्रेस आणि फोर्कलिफ्टचा गोंगाट. पोरं बेरिंग शिकलीच नाहीत, ती गुरुवार ओळखायला शिकली (आणि तोही शंभर टक्के, हे विसरू नका). इतके गुरुवार तिथे काढून माझ्या हे लक्षात येऊ नये, याची खरंच लाज वाटली. पण मॅडम म्हणतात, यातून प्रबंधाचं एक चांगलं प्रकरण निघेल. तेव्हा काळजी नसावी.

तुमचा भाचा,
बुद्धरत्न

ता.क. : पोरांना चालू शिफ्टमध्ये शिकवायला कोणीतरी जाणकार हवं आहे. मंगळवारी सकाळी आठला तुमच्या गेटवर रिक्षा येईल. नाश्ता कंपनीत.

ता.क. २ : मामींना विचारलं आहे. त्या म्हणाल्या, "ने, संध्याकाळी उशिरा आणलंस तरी चालेल."

ता.क. ३ : शुक्रवारीही या. नोकरीत असताना मशीनजवळ फोन धरून मी तुम्हाला आवाज ऐकवायचो आणि तुम्ही सांगाल ते साहेबांना सांगायचो, हे कमिटीला माहीत नाही. कोणी मलाच मशीनपुढे उभं केलं, तर बेरिंग खराब असल्यास माझ्याकडे बघून नुसती मान हलवा. मला अजूनही त्यातलं काही कळत नाही.