कोपऱ्यातली माती

मंगळवार, देगलूर. ताट तसंच झाकून ठेवलंय.

आज भाताच्या रानात आठ ठिकाणी खणून तपासणीसाठी माती घेतली. एका कोपऱ्यातला तुकडा पडीक होता. पडीक जागेचा नमुना वेगळा ठेवायचा असतो, हे मीच सगळ्यांना शिकवते. पण ऊन चढलं होतं, म्हणून तिथली मातीही घमेल्यात बाकीच्या मातीत मिसळली, नमुना कमी करायला चार भाग केले, समोरासमोरचे दोन फेकून दिले.

तेवढ्यात रानाचे मालक शिवलिंगप्पा पाणी घेऊन आले. कोपऱ्यातला खड्डा बघून जागीच थांबले.

"तिथं माझी लेक हाय, मॅडम. लातूरला क्लासला होती, काविळीनं गेली. आमच्यात रानातच पुरतात."

मी घमेलं खाली ठेवलं. तेच म्हणाले, "तुमाला काय ठाव? पाणी घ्या."

वीतभरच तर खणलं होतं मी. वीतभरच. पण हे कुणाला सांगतेय?

नमुन्याची पिशवी समोर टेबलावर आहे. उद्या प्रयोगशाळेत ती माती कुटतील, चाळतील.

निघताना शिवलिंगप्पा हळूच म्हणाले होते, "त्या कोपऱ्यातली माती कशी हाय, तेवढं वेगळं कळवा."

मी हो म्हणून आले.